जिल्हा आवृत्ती डिजिटल करायची, तर आधी कोणते अधिकार मागायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्याची आवृत्ती तुम्ही सांभाळता. डेस्कवर चार जण, शहरात पाच बातमीदार आणि दहा तालुक्यांत वार्ताहर. वर्षभरात आवृत्ती ‘डिजिटल फर्स्ट’ करा, असा मुख्यालयाचा आदेश आला आहे. त्यासाठी वेगळा डिजिटल विभाग मागावा की आहे त्याच माणसांना शिकवावं, आणि मुख्यालयाकडून नेमकं काय मागून घ्यावं, हे तुम्हाला हवंय.

मी सत्तावीस वर्षं मराठी दैनिकांत काढली, त्यातली बहुतेक जिल्हा आवृत्त्यांत. शेवटची काही वर्षं याच बदलाचं काम केलं. माझं उत्तर आधीच सांगतो. वेगळा विभाग आत्ता मागू नका. कॅमेरे, ट्रायपॉड, स्टुडिओ यांची यादीही पाठवू नका. पहिली मागणी एकच ठेवा: ठरावीक प्रकारच्या बातम्या मुख्यालयाला न विचारता प्रसिद्ध करण्याचा आणि चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करण्याचा अधिकार सांगली कार्यालयाला हवा. तो मिळाला तर बाकीचं जमवता येतं. तो नसेल तर स्टुडिओ बांधूनही काही हलत नाही, हे मी दोन ठिकाणी पाहिलंय.

हे मला ज्या आठवड्यात उमगलं तो ऑगस्ट २०१९ चा. कृष्णा आणि वारणा फुगत होत्या. सांगलीत पूर म्हटलं की सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर असते, आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आपल्या गल्लीत पाणी केव्हा येतं हे लोकांना या आकड्यावरून कळतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या भागांतल्या माणसाला ‘पूरस्थिती गंभीर’ हे शीर्षक काही कामाचं नसतं. त्याला रात्री दोन वाजता पातळी किती, तासाला किती वाढतेय, कोयनेतून किती विसर्ग सुरू आहे आणि बाहेर पडायचं तर कोणता रस्ता उघडा आहे, एवढंच हवं असतं.

आमचा बातमीदार पुलाजवळ उभा होता. त्याला प्रत्येक आकडा वेळेवर मिळत होता. तो आकडा वाचकापर्यंत कसा जायचा ते ऐका. बातमीदार कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. उपसंपादक दोन ओळींची कॉपी करून मुख्यालयातल्या डिजिटल डेस्कला मेल करायचा. तिथे रात्रपाळीला दोन मुलं, त्यांच्यापुढे अख्ख्या राज्याच्या बातम्या. ती मुलं मेहनती होती, पण आयर्विन पूल म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकानं फोन करून विचारलं, “सर, हा पूल कोल्हापुरात आहे ना?” सव्वा बाराची पातळी तीन वाजता संकेतस्थळावर चढली, तोवर पाणी आणखी वर गेलेलं. अंक छापूनही उपयोग नव्हता, कारण रस्तेच बंद होते. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता. बातमी आमच्याकडे होती, वाचक फोन हातात धरून जागा होता, आणि मध्ये फक्त आमची स्वतःची कार्यपद्धत आडवी आली होती.

दुसऱ्या रात्री आमच्या निवासी संपादकांनी मुख्यालयाशी भांडून एक लॉगिन मिळवलं. जिल्ह्यातून थेट प्रसिद्ध करता येईल असं ते पहिलंच. डेस्कवरच्या दोघांना ते वापरायची परवानगी दिली आणि अट घातली: पूर, रस्ते, धरणांचा विसर्ग, निवारा केंद्रं आणि मदतीचे क्रमांक एवढंच टाकायचं, बाकी काही नाही. एकच पान उघडायचं आणि त्यावर वरून खाली नोंदी करत जायचं. आठ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळजवळ बोट उलटली. तेव्हा मृतांचा आकडा आम्ही या लॉगिनवरून टाकला नाही. तो संपादकांनी स्वतः खात्री करून सोडला. मोकळीक आणि मर्यादा एकाच रात्री, एकाच कागदावर ठरलेल्या होत्या, म्हणून कुणी गोंधळलं नाही.

चूक झालीच नाही असं नाही. एका पहाटे आदल्या संध्याकाळच्या पत्रकातला विसर्गाचा आकडा आम्ही ताजा म्हणून टाकला. पाटबंधारे खात्यात ओळख असलेल्या एका वाचकानं फोन केला. उपसंपादकानं बारा मिनिटांत आकडा बदलला आणि खाली लिहिलं की आधीची नोंद जुन्या पत्रकावरून दिली होती. मुख्यालयातून कानउघाडणी झाली. आम्ही त्या दिवसापासून एक नियम केला: आकड्याशेजारी तो कुणी दिला आणि किती वाजताचा आहे, हे लिहिल्याशिवाय नोंद पुढे जाणार नाही. तो नियम आजही मी प्रत्येक कार्यालयात पहिल्या दिवशी सांगतो. हाच प्रकार जुन्या साखळीत घडला असता तर दुरुस्तीलाही तीन तास लागले असते, कारण दुरुस्ती त्याच वाटेनं जाते ज्या वाटेनं बातमी गेली.

मुख्यालयातली माणसं वाईट असतात म्हणून साखळी अशी असते, असं समजू नका. ती रोटरीच्या, म्हणजे छपाईयंत्राच्या, भोवती घडली आहे. पान लावायची वेळ ठरलेली, छपाई सुरू व्हायची वेळ ठरलेली, गाडी सुटायची वेळ ठरलेली. मग प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी शेवटचा निर्णय घेणारा लागतो. छापलेला अंक परत बोलावता येत नाही, म्हणून छापण्याआधी चार डोळ्यांखालून जावा हे शहाणपणच होतं. अडचण अशी की तीच उतरंड आपण जशीच्या तशी फोनवरच्या बातमीला लावली. जिथे दर तासाला नवी नोंद करता येते आणि चूक मिनिटात दुरुस्त होते, तिथे अख्ख्या रात्रीची एकच डेडलाईन धरून बसण्यात अर्थ नाही.

जत आणि आटपाडीचं उदाहरण घ्या. सांगलीपासून दूरचे तालुके, म्हणून त्यांची डाक आवृत्ती आधी सुटते. संध्याकाळनंतर घडलेलं त्यांच्या अंकात क्वचितच येतं. वर्षानुवर्षं जतच्या वाचकानं पूर्ण पैसे देऊन सांगली शहराच्या वाचकापेक्षा शिळा अंक घेतला आहे. डिजिटलचा पहिला फायदा खरं तर त्याला व्हायला हवा होता. झालं उलटंच. जिल्ह्याच्या डिजिटल पानावर शहरातल्या बातम्यांची गर्दी, आणि जतची बातमी तिथेही दुसऱ्या दिवशी. कारण सोपं आहे. वार्ताहराला वेळेआधी कॉपी पाठवायची सवय लावली आहे, नंतर घडलेलं ‘उद्याला’ ठेवायची सवय लावली आहे, आणि ती सवय मोडायचा अधिकार त्याच्या हातात नाही.

आता अधिकारांचं बोलू. मुख्यालयाला पत्र लिहिताना ‘स्वायत्तता’ हा शब्द वापरू नका. तो वाचला की वरचे लोक धास्तावतात, आणि त्यांच्या धास्तीला कारण आहे. अंकाच्या शेवटच्या पानावर ‘पीआरबी कायद्यानुसार संपादकीय निवडीची जबाबदारी यांची’ अशी ओळ आपण इतकी वर्षं छापत आलो. वृत्तपत्रं आणि पुस्तकांच्या नोंदणीचा तो कायदा १८६७ चा. त्याच्या जागी नवा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. पण लिहिलेल्याची जबाबदारी एका नावावर येते ही भावना संपादकांच्या हाडीमाशी खिळली आहे. अब्रुनुकसानीचा खटला तालुक्याच्या न्यायालयात दाखल झाला तरी तारखेला संपादकालाच यावं लागतं. त्याला भित्रा म्हणून उपयोग नाही. त्याला कागदावर दाखवा की कोणती बातमी कुणाच्या जबाबदारीवर जाईल.

मी बातम्यांचे तीन गठ्ठे करतो. पहिल्यात ज्या नोंदी ड्यूटीवरचा एकटा माणूस सोडू शकतो त्या: पाणीपातळी, पाऊस, वीज-पाणी बंदच्या वेळा, रस्ते, एसटीच्या रद्द फेऱ्या, बाजारभाव, परीक्षांची वेळापत्रकं, सरकारी कार्यालयानं सहीनिशी दिलेली माहिती. स्रोत आणि वेळ लिहिली की झालं. दुसऱ्यात दुसऱ्या माणसानं वाचल्याशिवाय न सोडायच्या बातम्या: गुन्हे, अपघात, आरोप, महापालिकेच्या सभेतली खडाजंगी. हा दुसरा माणूस सांगलीतलाच असावा, मुख्यालयातला नको, कारण आरोप करणारा आणि आरोप झालेला दोघांना ओळखणारा तोच असतो. तिसरा गठ्ठा लहान पण कडक. जातीय किंवा धार्मिक तणाव, मृतांचे आकडे, आत्महत्या, लैंगिक अत्याचार, अल्पवयीन मुलं. हे तुमच्या किंवा तुमच्या गैरहजेरीत नेमलेल्या एकाच व्यक्तीच्या होकाराशिवाय जाणार नाही.

या तिसऱ्या गठ्ठ्याबाबत मी फार आग्रही आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम २३ आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ पीडितेची ओळख उघड करायला मनाई करतात. नाव न छापता गाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय छापला की छोट्या गावात नाव छापल्यासारखंच होतं. हे मुख्यालयातल्या माणसाला जाणवत नाही, पण तुमच्या कवठेमहांकाळच्या वार्ताहराला लगेच जाणवतं. मी एकदा त्याच्या सांगण्यावरून बातमीतून गावाचं नाव काढलं होतं. त्यानं सांगितलं, “साहेब, त्या वस्तीवर त्या वयाची एकच मुलगी आहे.” माणूस गावातला आहे याचा असा उपयोग होतो. जिल्ह्याच्या टीमला अधिकार द्यावा असं मी म्हणतो त्याचं सर्वांत मोठं कारण वेग नसून हे आहे.

डिजिटल प्रकाशनांना २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीचा निकाल पंधरा दिवसांत द्यावा लागतो. तो अधिकारी मुख्यालयात असेल. त्याचा संपर्क तुमच्या प्रत्येक माणसाकडे असू द्या आणि दुरुस्त्यांची एक वही सांगलीत ठेवा: काय चुकलं, कुणाच्या लक्षात आलं, किती वेळात बदललं. ही वही कुणाला शिक्षा करायला वापरली, तर दुसऱ्या महिन्यापासून तिच्यात काही लिहिलं जाणार नाही. तुमच्या स्वतःच्या चुका पहिल्यांदा लिहा.

आता माणसांचं. तुमचे पाच बातमीदार आत्ता काय करतात ते एक आठवडा नीट लिहून काढा. मी एका जिल्ह्यात असं केलं तेव्हा दिसलं की एकच कार्यक्रम तीन वेळा लिहिला जात होता: अंकासाठी, संकेतस्थळासाठी दोन ओळी, आणि व्हिडिओखाली मजकूर. त्यात पुन्हा उद्घाटनं, सत्कार, निवडी, पुण्यतिथ्या आणि पत्रकं. यातलं काहीही बंद न करता वर डिजिटल चढवलं की माणूस थकतो आणि दोन्ही कामांत पाट्या टाकतो. म्हणून ‘काय नवीन करणार’ याआधी ‘काय सोडणार’ ते ठरवा, आणि तो निर्णय तुमच्या टीमला घेऊ द्या. पत्रकांसाठी एक रकाना, एक माणूस, दिवसातला एक तास, एवढंच. निवडी-सत्कारांचे फोटो अंकात हवेतच, कारण वाचकाला ते हवे असतात. फक्त त्यासाठी अनुभवी बातमीदार पाठवू नका.

वेगळा डिजिटल विभाग नको म्हणालो त्याचं कारणही इथेच आहे. दोन तरुण मुलं ‘डिजिटलची’ म्हणून कोपऱ्यात बसवली की बाकीचे मोकळे होतात. जुना बातमीदार बातमी हातची राखून रात्री अंकाला देतो, मुलं इतरांचे व्हिडिओ उचलून मथळे लावतात, आणि सहा महिन्यांत एकाच कार्यालयात दोन घरं होतात. त्याऐवजी विषयावर टीम बांधा.

अमेरिकेत स्थानिक वृत्तपत्रांसाठी २०१५ मध्ये ‘टेबल स्टेक्स’ नावाचा उपक्रम फिलाडेल्फिया, मायामी, डॅलस आणि मिनियापोलिस या चार शहरांतल्या दैनिकांत सुरू झाला. त्यात एक कल्पना होती, ‘मिनी पब्लिशर’. म्हणजे एका विशिष्ट वाचकवर्गाची जबाबदारी एका लहान टीमकडे द्यायची: काय लिहायचं, कुठे द्यायचं, केव्हा द्यायचं, आणि त्यातून उत्पन्न कसं येईल तेही तिनंच बघायचं. तिथल्या कार्यालयांत माणसं आणि पैसा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून त्यांचे तक्ते आणून इथे चिकटवू नका. पण कल्पना आपल्याला चपखल बसते, कारण आपला तालुका वार्ताहर बातमी, वितरण आणि जाहिरात हे तिन्ही कधीचं करतो आहे. फक्त त्याला त्याचा अधिकार आणि मोबदला मिळत नाही.

तुमच्या जिल्ह्यात असा विषय शोधायला लांब जावं लागणार नाही. शेतीचं पाणी आणि बाजार. म्हैसाळ, टेंभू, ताकारी या उपसा योजनांचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, केव्हा सुटणार, पंप किती सुरू आहेत, पाणी कोणत्या कालव्यापर्यंत पोचलं, पैसे कुणी भरायचे, हे जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, खानापूरच्या शेतकऱ्याला रोज हवं असतं. सांगलीच्या बाजार समितीतले हळदीचे सौदे, तासगाव आणि सांगलीचे बेदाण्याचे सौदे, द्राक्षांच्या हंगामात पाऊस आणि धुकं. या माहितीसाठी माणूस दिवसातून दोनदा तुमच्याकडे येईल. सिनेनटीच्या लग्नाचे फोटो त्याला दुसरीकडे मिळतात, आवर्तनाची पक्की बातमी मिळत नाही. एक उपसंपादक, एक शहर बातमीदार आणि तीन तालुका वार्ताहर असा पाच जणांचा गट करा. रोजची बैठक त्यांनीच घ्यावी, तुम्ही आठवड्यातून एकदाच बसा. पहिल्या महिन्यात तुम्हाला त्यांच्या निर्णयात हात घालावासा वाटेल. नका घालू. अगदीच तिसऱ्या गठ्ठ्यातलं काही असेल तरच.

मोजमापाचा प्रश्न इथे येतो, आणि माझ्या मते मुख्यालयाशी खरी लढाई इथेच आहे. मुख्यालय महिन्याला एकूण व्ह्यूज मागतं. तो आकडा वाढवायचा सोपा मार्ग सगळ्यांना माहीत आहे. गुगल डिस्कव्हरमध्ये, म्हणजे गुगल फोनवर आपणहून सुचवतं त्या बातम्यांत, एखादी राशीभविष्याची किंवा व्हायरल व्हिडिओची बातमी चालली की लाखांत वाचक येतात, त्यातले सांगलीचे किती हे कुणी विचारत नाही. मग जिल्ह्याची टीमही तेच करू लागते. मी एका आवृत्तीत पाहिलं, महिन्यातली सर्वाधिक वाचलेली ‘जिल्ह्याची’ बातमी दुसऱ्या राज्यातल्या बिबट्याची होती. त्या टीमनं आपलं काम केलं असं म्हणायला माझं मन धजत नाही. तुम्ही मुख्यालयाला वेगळा आकडा देऊ करा: जिल्ह्यातून आलेले आणि आठवड्यात तीन किंवा जास्त वेळा परतलेले वाचक. तो लहान असेल, सुरुवातीला लाज वाटेल इतका लहान. पण हा आकडा आवृत्तीच्या खपासारखा आहे, तो टिकतो. सांगलीच्या जाहिरातदारालाही त्याच्यातच रस असतो. ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्याला नागपूरचा वाचक काय करायचाय?

दुसऱ्याच्या जागेवर दुकान थाटल्यावर काय होतं ते आपण भोगलं आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य द्यायचं जाहीर केलं आणि बातम्यांच्या पानांची पोच घसरली. ज्यांनी सगळं त्या एका पानावर उभं केलं होतं त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल सप्टेंबर २०२३ पासून आहेत, ते वापराच, आपला वाचक तिथेच आहे. पण चॅनेलवर बातमी संपवू नका. आवर्तनाचं पूर्ण वेळापत्रक तुमच्या स्वतःच्या पानावर असू द्या.

तालुका वार्ताहरांबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. आपल्याकडे बहुतेक वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर आहेत आणि दिवाळी अंकापासून वाढदिवसाच्या पुरवणीपर्यंत जाहिरातीचं उद्दिष्ट त्यांच्याच डोक्यावर आहे. ज्या साखर कारखान्याच्या अध्यक्षाकडे तो सप्टेंबरात जाहिरात मागायला जातो, त्याच कारखान्यानं एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, थकवल्याची बातमी त्यानं जानेवारीत द्यावी अशी आपली अपेक्षा असते. त्याच्या हातात प्रसिद्धीचं बटण दिलं म्हणून तो मोकळा होत नाही. उलट दबाव थेट त्याच्यावर येतो. पूर्वी तो म्हणू शकायचा, “मी पाठवली होती, वरून लागली नाही.” ती ढाल आपण काढून घेतो. म्हणून माझी अट असते: ज्या वार्ताहराला थेट प्रसिद्धीचा अधिकार द्याल, त्याला जाहिरातीच्या उद्दिष्टातून बाहेर काढा आणि तो फरक मानधनात भरून द्या. दहाही तालुक्यांत हे लगेच जमणार नाही. तीन तालुक्यांत जमवा. आणि अडचणीच्या बातमीवर त्याच्या नावाऐवजी कार्यालयाचं नाव लावायची सोय ठेवा. गावात त्यालाच राहायचं असतं.

उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ मध्ये सुरू झालेलं ‘खबर लहरिया’ तुम्हाला माहीत असेल. बुंदेलीत निघणारं, ग्रामीण स्त्रियांनी, त्यात दलित समाजातल्या अनेक स्त्रियांनी चालवलेलं ते पत्र पुढे छापील अंकाकडून मोबाइलवरच्या व्हिडिओकडे वळलं. त्यांच्याकडे मोठं मुख्यालय नव्हतं, रोटरी नव्हती. पण कोणती बातमी महत्त्वाची हे ठरवणाऱ्या बाया त्याच गावांतल्या होत्या. आपल्या वार्ताहरांना प्रशिक्षण देताना मी दिल्ली-मुंबईच्या वाहिन्यांपेक्षा त्यांचं काम दाखवणं पसंत करतो. हँडपंप बंद पडल्याची बातमी उभी कशी करायची, कुणाला प्रश्न विचारायचा आणि पंप सुरू झाल्यावर पुन्हा तिथे कसं जायचं, हे त्यातून कळतं.

तंत्राबद्दल थोडंच. तुमच्या डेस्कवर अजून श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉण्टमध्ये टायपिंग होत असेल तर आधी ते युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या प्रमाण टायपिंगवर, आणा. पान लावणाऱ्या ऑपरेटरना त्रास होईल, महिनाभर कुरबुर होईल, पण दुसरा उपाय नाही. प्रत्येक बातमी कन्व्हर्टरमधून काढली की जोडाक्षरं मोडतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो, आणि ती दुरुस्त करण्यात उपसंपादकाची रात्र जाते. एआयच्या साधनांचा उपयोग बैठकीचं ध्वनिमुद्रण उतरवून घ्यायला आणि लांब इतिवृत्तातलं कामाचं शोधायला करा. आकडे आणि नावं मात्र माणसानंच मूळ कागदाशी ताडून पाहायची.

मुख्यालयाला पत्र एका पानाचं लिहा. त्यात पाच गोष्टी मागा. जिल्ह्यातून थेट प्रसिद्ध आणि दुरुस्त करण्याची लॉगिन, प्रत्येकाच्या स्वतःच्या नावानं, म्हणजे कुणी काय केलं याची नोंद राहील. तीन गठ्ठ्यांच्या कागदावर संपादकांची सही. तीन वार्ताहरांच्या मानधनातला फरक. परतणाऱ्या वाचकांचा आकडा दर आठवड्याला बघायची सोय. आणि या गटातल्या पाच जणांची वर्षभर बदली न करण्याचं आश्वासन. हे शेवटचं विसरू नका. एका जिल्ह्यात उत्तम जमलेला गट आम्ही पाचव्या महिन्यात बदलीच्या यादीत गमावला आणि नव्या माणसांना पुन्हा आयर्विन पुलापासून सांगावं लागलं.

सही व्हायला वेळ लागेल. तोवर एक काम तुम्ही कुणाला न विचारता करू शकता. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, एका रात्री अकरा ते दोन तालीम घ्या. एक बातमीदार पुलाजवळ, एक वार्ताहर शिराळ्यात, एक पलूसमध्ये, डेस्कवर एकटा उपसंपादक. दर अर्ध्या तासानं खोटी पातळी कळवा, मध्येच एक चुकीचा आकडा पेरा, एकदा वीज गेली असं समजा, आणि दीड वाजता ‘धरणाला तडा गेला’ असा फॉरवर्ड ग्रुपवर टाका. प्रसिद्ध काही करायचं नाही, फक्त वहीत वेळा लिहायच्या: माहिती केव्हा आली, तयार केव्हा झाली, आणि कुणाच्या होकारासाठी किती मिनिटं थांबली. ग्रुपवरच्या प्रत्येक फॉरवर्डच्या आधी ‘तालीम’ हा शब्द लिहायला सांगा, नाहीतर तोच बाहेर जाऊन गावभर फिरेल. त्या वहीची छायाप्रत पत्राला जोडून मुख्यालयाला पाठवा.